ओरिजिनल कोणाचं?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर सात फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "मामू, ये देखो. घेऊ का?" आमच्या घरातली भाषा अशीच आहे, अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं. पुण्यात तीन-चार पिढ्या काढलेल्या बहुतेक मुसलमान घरांत ती अशीच असते, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते फोटोत.

फोटोत एक येझदी होती. म्हणजे इंजिनावरून येझदी, १९७९ची रोडकिंग. बाकी तिच्यात म्हैसूरच्या कारखान्यातून आलेलं फारसं काही उरलं नव्हतं. टाकी पत्रा ठोकून केलेली, लहान आणि अरुंद. मडगार्ड चाकापासून वीतभर वर. हँडल रुंद, मधे आडवी दांडी. मागचे शॉकअप सरळ उभे नसून पुढे झुकलेले. दोन्ही सायलेन्सर गायब, त्यांच्या जागी पोट फुगलेल्या दोन नळ्या इंजिनाच्या दोन्ही अंगांनी वर चढलेल्या, त्यांना चटका बसू नये म्हणून दोरी गुंडाळलेली. गाडी हडपसरच्या एका गोदामात वीसेक वर्षं पडून होती. मालकानं सांगितलेली किंमत मी इथं लिहीत नाही, उगाच आणखी चारचौघांच्या येझद्या महाग होतील.

भाच्यानं हेच फोटो जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवरही टाकले होते. तिथं सगळ्यांनी एकच सल्ला दिला. घे, पण आधी सगळं काढून टाक. स्टॉक चेसिस शोध, म्हैसूरची टाकी मिळते, सायलेन्सर मिळतात, क्रोम करून घे, शंभर टक्के ओरिजिनल कर. एकानं तर लिहिलं होतं, "कुणीतरी गाडीची वाट लावलीये." पोरगा खराडीत कॉम्प्युटरवर काम करतो, त्यानं लगेच खर्चाचा तक्ता मांडायला घेतला होता.

माझं मत मी त्याला त्याच रात्री सांगितलं, इथं जरा सविस्तर सांगतो. गाडी घे. पण ती ओरिजिनल करू नको. ती आहे तीच ओरिजिनल आहे.

असं म्हणायला कारण आहे. चौथा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा शॉकअपच्या वरच्या टोकाशी चेसिसला जोडलेली एक तिकोनी पट्टी दिसली. पट्टीला तीन भोकं, एक मोठं, दोन लहान. वजन कमी करायला पाडलेली. ती भोकं मी ओळखतो. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका बोळात आठ बाय दहाचं एक गॅरेज होतं, तिथल्या मिस्त्रींची ती सही होती. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. आज त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात.

आता थोडं मागं जायला हवं, नाहीतर चाचांनी काय केलं होतं ते कळणार नाही.

भाच्याला हे वेड लागलं ते २८ जानेवारी २०२४ला. त्या दिवशी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. स्टेडियममधे मातीचे डोंगर उभे केलेले, बाहेरून आलेले खेळाडू ४५० सीसीच्या गाड्या घेऊन दुमजली उड्या मारत होते. तिथून आल्यापासून त्याला मोठी मोटोक्रॉस गाडी हवी होती, आणि तीही जुनी. नेटवर तो रोज होंडाची सीआर ५००, कावासाकीची केएक्स ५००, जर्मनीची मायको ४९० बघत बसायचा. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, साठच्या आसपास अश्वशक्ती. सीआर ५०० होंडानं २००१पर्यंत बनवली, केएक्स ५०० आणखी दोन-तीन वर्षं चालली. मग फोर-स्ट्रोकचा जमाना आला आणि ही जातच संपली. त्यातली एखादी परदेशातून आणायची म्हटलं तर आपले जुन्या वाहनांच्या आयातीचे नियम आडवे येतात. इथं जी एखाददुसरी फिरते तिचे कागद बघायला मागितले की विकणारा विषय बदलतो.

चाचांच्या काळात तर ते स्वप्नही नव्हतं. परवाना राज्यात परदेशी शर्यतीची गाडी मागवणार कोण? मातीत पळवायला मोठी म्हणावी अशी आपल्याकडे एक बुलेट होती, ती जड, १९८३ नंतर राजदूत ३५०, ती महाग आणि तहानलेली, आणि तिसरी येझदी. अडीचशे सीसी, १६ अश्वशक्ती, वजन सुमारे १४० किलो. आजची ४५०ची गाडी ११० किलोच्या आसपास असते, म्हणजे विचार करा. पण येझदीचं घराणं मोठं होतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या इथं बांधल्या, १९७३ला नाव येझदी झालं. मालक इराणी, नाव इराणच्या यझ्द गावावरून. आणि चेक लोकांची सीझेड तेव्हा मातीतली बादशहा होती. १९६४ आणि १९६५चं अडीचशेचं जगज्जेतेपद सीझेडचं, १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं पाचशेचंही सीझेडचंच, पाउल फ्रिडरिख्स नावाच्या जर्मन स्वारानं मिळवलेलं. चाचांच्या गॅरेजात भिंतीवर कुठल्याशा मासिकातलं सीझेडचं एक पान चिकटवलेलं होतं. तेलानं पारदर्शक झालेलं. त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, शाळा पाचवीत सुटलेली. पण चित्र वाचता येत होतं.

त्या चित्रावरून त्यांनी येझदी बनवल्या. किती, ते मला माहीत नाही, मी स्वतः चार पाहिल्या.

टू-स्ट्रोकच्या त्या पोटफुग्या नळीबद्दल थोडं सांगतो, कारण ग्रुपवरच्या विद्वानांना ती 'वाट लावणं' वाटलं. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जाताना त्याच्यामागून थोडं ताजं पेट्रोलही निसटतं. नळी आधी रुंदावत नेली आणि मग पुन्हा निमुळती केली, तर तिच्या शेवटाकडून दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटलेलं पेट्रोल नेमकं दार बंद व्हायच्या आधी परत आत ढकलते. पोट कुठं सुरू करायचं, किती उतार द्यायचा, यात दोन बोटांचा फरक पडला तर गाडी दुप्पट पळते किंवा चालतच नाही. हे शास्त्र मोटारसायकलींत सर्वात पुढं नेलं वाल्टर काडेन या माणसानं, पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत, १९५०च्या दशकात. १९६१मधे त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला आणि जाताना ती विद्या सुझुकीला देऊन बसला. दुसऱ्याच वर्षी सुझुकीनं पन्नास सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. एका माणसाच्या डोक्यातली विद्या इतकी मोलाची होती.

चाचा ती नळी शहाबादी फरशीवर खडूनं काढायचे. मग चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून शंकू करायचे, सुतळीनं बांधायचे, गाडीला लावून लांबून बघायचे. पत्रा कापायची पाळी शेवटी. गॅस वेल्डिंगनं एकेक जोड. मग वाघोलीच्या खाणींकडे नेऊन कुणातरी पोराला पळवायला लावायचे, आणि आवाज ऐकून म्हणायचे, एक बोट कमी कर. मागचे शॉकअप पुढं झुकवले ते चाकाला वर-खाली व्हायला जास्त जागा मिळावी म्हणून. हीच युक्ती १९७०च्या दशकाच्या मधल्या वर्षांत युरोपातले नामांकित कारखाने करत होते. चाचांना ती कुणी सांगितली नव्हती.

आता माझा गुन्हा. माझीही एक येझदी होती, १९९३ला जुनी घेतलेली, चाचांनी मातीसाठी करून दिलेली. लग्न झालं, मुलं झाली, गाडी ताडपत्रीखाली गेली. २०११मधे मला उमाळा आला. मीही एका जाणकाराचं ऐकून तिला 'ओरिजिनल' केलं. टाकी नवी, चेसिस दुसऱ्या गाडीची, क्रोम असं की तोंड दिसावं. काढलेलं सामान, नळ्यांसकट, भवानी पेठेत किलोवर दिलं. जुलैत जावा-येझदीवाल्यांचा मेळा असतो, तिथं गाडी नेली, लोकांनी फोटो काढले. परत येताना मिरवायला म्हणून बोळात गेलो. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. छान झाली म्हणाले. मग विचारलं, "और मेरा पाइप?"

मी खोटं बोललो. घरी ठेवलाय म्हटलं. ते समजायचं ते समजले.

म्हणून 'ओरिजिनल' हा शब्द ऐकला की मला जरा राग येतो, हे मान्य करतो. पण राग बाजूला ठेवूनही मुद्दा उरतोच. मोटोक्रॉसची गाडी ही मुळात कारखान्यातून निघाली तशी ठेवायची वस्तूच नाही. १९२४मधे इंग्लंडात कॅम्बर्लीजवळ पहिली अशी शर्यत झाली, तिथं लोक रस्त्यावरच्याच गाड्या घेऊन आले होते. पुढं जे काही झालं ते सगळं कुणीतरी कापून, जोडून, हलकं करून झालं. १९७३ला यामाहानं मागं एकच शॉकअप लावून अडीचशेचं जगज्जेतेपद जिंकलं, ती कल्पनाही कारखान्याची नव्हती, लुसियाँ टिल्केन्स नावाच्या एका बेल्जियन माणसाची होती. कारखान्यानं ती विकत घेतली, म्हणून ती इतिहास झाली. नाना पेठेतल्या मिस्त्रीची कल्पना कुणी विकत घेतली नाही, म्हणून ती 'वाट लावणं'. मला यात दुसरा काही फरक दिसत नाही.

कायदाही कारखान्याच्याच बाजूनं आहे. जुलै २०२१मधे केंद्रानं जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली, अशी असेल तर ती 'व्हिंटेज'. २०,००० रुपये भरून नवीन नोंदणी, दहा वर्षांची, नंबरात व्हीए अक्षरं. हा नियम चांगला आहे, मला त्याची थट्टा करायची नाही. पण भाच्याची रोडकिंग २०२९मधे पन्नाशीची होईल तेव्हा ती या व्याख्येत बसणार नाही, आणि तिची चकचकीत खोटी जुळी बहीण, जिची टाकी गेल्या वर्षी बनली, ती बहुधा बसेल.

अमेरिकेत जुन्या शर्यतीच्या गाड्यांची एक संघटना आहे, आहरमा म्हणतात तिला. त्यांनी हा गुंता फार समजूतदारपणे सोडवलाय. गाडीत काय बदललं यापेक्षा ते बदल कोणत्या काळातले आहेत, हे ते बघतात. १९७५च्या आधीच्या मोटोक्रॉस वर्गात पुढचं चाक सात इंच आणि मागचं चार इंचांपेक्षा जास्त वर-खाली होता कामा नये. त्या काळाच्या मर्यादेत राहून तुम्ही ठोका, जोडा, वेल्डिंग करा. म्हणजे त्यांनी काळ जपला, आणि त्या काळातल्या कारागिराला आपोआप जागा मिळाली. आपल्याकडे असं व्हायला सरकारची गरज नाही, जुन्या गाड्यांच्या मेळ्यात एक रांग वेगळी ठेवली तरी पुरे. फलकावर वर्ष, मॉडेल यांच्याखाली 'कुणी बनवली' अशी एक ओळ असावी.

माझ्याशी वाद घालणारे एक खरं बोलतात, ते टाळून चालणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं गॅस वेल्डिंग हे चाळीस वर्षांपूर्वीचं गॅस वेल्डिंग असतं. उडी मारून उतरताना ते तुटलं तर कदर वगैरे कामाला येत नाही, हॉस्पिटल येतं. म्हणून भाच्याला मी हो म्हटलं तरी अटी घातल्या.

पहिली अट चेसिसच्या नंबराची. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत यायचं, गाडी कितीही आवडो. आरसी बुक हरवलंय म्हणाले तर हरवल्याची तक्रार, मालकाच्या सहीचा कागद आणि आरटीओतली नोंद बघायची. गाडी मातीतच चालवणार असलो तरी ती चोरीची नाही हे कळायलाच हवं. आणि मातीतच चालवायची, हे पक्कं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांना रस्त्यावर मुभा देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मधे तेच सांगितलंय. मैदानापर्यंत छोटा हत्ती करायचा, भाडं द्यायचं.

मग रंग. नुकताच रंग मारलेली चेसिस विकणारा काहीतरी झाकतोय असं धरून चालावं. हडपसरच्या गाडीला गंज होता, तो मला आवडला. हँडलच्या मानेपाशी, मागच्या चिमट्याच्या पिनेपाशी आणि त्या तिकोनी पट्टीच्या कडांना केसाएवढी चीर आहे का ते रॉकेलनं पुसून, खडूची पूड लावून बघायचं. चीर असेल तर रॉकेल खडूतून काळं होऊन वर येतं. ही युक्तीही चाचांचीच. इंजिन उघडल्यावर बोअर किती वेळा मारलाय ते मोजायचं. येझदीचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर. दोन-तीनदा वाढवलेला असेल तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह लागणार, तो खर्च आत्ताच धरायचा. वीस वर्षं पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकची क्रँकची ऑइल सील सुकलेली असणारच. एका बाजूनं गिअरचं तेल जळून पांढरा धूर निघतो, तो दिसतो तरी. दुसऱ्या बाजूनं हवा आत ओढली जाते, ती दिसत नाही, मिश्रण पातळ होतं आणि भर वेगात पिस्टन धरतो. म्हणून गोदामातच किक मारून "बघा, चालू होते" म्हणणाऱ्याला हात जोडायचे. गंमत म्हणजे येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच, नवशिक्या माणसाला तो फिरवून किक करायला शिकवण्यातच पाच मिनिटं जातात, तेवढ्यात विषय बदलता येतो.

सुधारणा करायच्या त्या कुठं, यावर आमचं भांडण झालं. त्याला ताकद वाढवायची होती. आरडीचा कार्बोरेटर, रीड व्हॉल्व्ह, नव्या नळ्या. मी म्हटलं, मातीत जुन्या गाडीवर माणूस पडतो तो ताकद कमी पडली म्हणून नाही. पैसे आधी थांबण्यावर घाल. ब्रेकचे नवे लायनर, ड्रम लेथवर गोल करून घेणं, केबली, नव्या तारा घालून चाकं सरळ करणं, मातीचे टायर, फोर्कचं तेल आणि सील. पुढं डिस्क बसवायचा मोह होईल, तो टाळ, त्या फोर्कला आणि त्या काळाला तो झेपत नाही. चिमट्याचे बुश नवे. चीर सापडलीच तर ती पट्टी काढायची नाही, तिच्याखालून दुसरी जोडायची, म्हणजे भार नव्यावर आणि भोकं जागच्या जागी. आणि जे काही निघेल, अगदी वाकडा बोल्टसुद्धा, ते चिठ्ठी लावून खोक्यात. भंगारात काही जाणार नाही.

तो म्हणाला, "मामू, इतना क्यों?" मग त्याला पाइपची गोष्ट सांगितली. त्याआधी घरात ती कुणाला सांगितली नव्हती.

चाचा २०१६मधे गेले. त्यांचा एक शागीर्द कोंढव्यात काम करतो, आता स्कूटरीच जास्त, येझदी महिन्यात एखादी. मुलगा त्याचा गॅरेजात येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही, या कामानं पाठ जाते आणि पोरीकडचे लोक काळी नखं बघतात. पण हातात ती विद्या असलेला तो बहुधा शेवटचा माणूस. त्याच्याकडे कुणी प्रमाणपत्र मागितलं तर तो हसेल. भाच्याला मी एवढंच सांगितलं की त्याच्या मजुरीत घासाघीस करायची नाही, आणि शनिवार-रविवार त्याच्या शेजारी पाटावर बसायचं. तक्ता करायचाच असेल तर तो काय सांगतो त्याचा कर. नळीची मापं, पोर्टची मापं, फोटो, तारीख, आणि पहिल्या ओळीत चाचांचं नाव.

गाडी मागच्या रविवारी आली. छोट्या हत्तीतून उतरवताना शागीर्द बाहेर आला, हात पुसले, काही बोलला नाही. खाली बसून त्यानं त्या तीन भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, मधलं मोठं भोक त्यानं पाडलं होतं, जरा तिरकं गेलं म्हणून चाचांनी कानाखाली वाजवली होती. मी वाकून पाहिलं. तिरकं आहे.

उद्या जुन्या बाजारात क्रँकची सील बघायला जायचंय.